तांबे सिस्टरांची अंगठी

इंजेक्शन देण्याआधी तांबे सिस्टर घड्याळ काढायच्या, बांगड्या वर सरकवायच्या, आणि उजव्या हातातली हिऱ्याची अंगठी मात्र न काढता तिचा खडा तळहाताकडे फिरवायच्या. नर्सच्या बोटात हिरा! वाशीच्या आमच्या नव्या बिल्डिंगीत तेव्हा धड पाणी वर चढत नव्हतं, पण या अंगठीची चर्चा चारही मजले चढली होती. "कुणा श्रीमंत पेशंटची लांबवली असेल," असं म्हणणारी पहिली मीच. खोटं कशाला बोलू?

ते त्यांच्या कानावर गेलंच. दुसऱ्या दिवशी सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "चहा टाक, आणि काय ते मला विचार. शेजारणींना माझ्याबद्दल काय माहीत?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी अंगठी काढून माझ्या हातात दिली. झिजून पातळ झालेलं पिवळंधमक सोनं आणि चांदीत बसवलेला जुन्या घडणीचा हिरा. उजेडात धरला तरच चमकायचा.

मुंबईत हॉस्पिटलात असताना तिथल्या एका डॉक्टरने, नर्सेसच्या होस्टेलच्या व्हरांड्यात, दोन मैत्रिणींच्या साक्षीने ती त्यांच्या बोटात घातली होती. त्याच्या पणजीची अंगठी. त्या घरात थोरल्या सुनेला मिळायची. लग्न ठरल्यात जमा होतं. मग त्याच्या घरच्यांना कळलं, की मुलगी मंडणगडकडची, बौद्ध घरातली. सगळं फिसकटलं. त्याची आई आणि काका अंगठी मागायला होस्टेलवर हजर.

"मी म्हटलं, ज्यानं घातली त्याला पाठवा. त्यानं स्वतःच्या तोंडानं मागितली की त्या मिनिटाला देते."

"मग?"

"मग काय! सत्तावीस वर्षं झाली. काही माणसांना तोंड उघडायला वेळ लागतो."

त्यांचा भाऊ म्हणायचा, ताई, कशाला ती ब्याद, दे पाठवून. त्याला उत्तर ठरलेलं, "पोस्टानं आली नव्हती, पोस्टानं जायची नाही." माझ्या सासूबाईंचं वेगळंच. हिरा लाभतो की नाही हे तीन रात्री उशाखाली ठेवून बघायचं असतं, असं त्या बजावायच्या. सिस्टर म्हणाल्या, "आजी, सत्तावीस वर्षं बोटात आहे. साधा ताप आला नाही. अजून किती बघू?"

दिवाळे गावाहून मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीनेही एकदा विचारलं, "सिस्टर, लगीन नाय, नवरा नाय, मंग ही आंगठी कोनासाठी गो?"

"माझ्यासाठी. तू गळ्यात एवढं सोनं घालतेस ते काय नवऱ्यासाठी?"

"नाय गो बाय, मिरवाला!" ती खो खो हसली आणि दोन बोंबील वर टाकून गेली.

मला त्यांचा हेवा वाटायचा. मी साध्या नणंदेला उलट बोलू शकत नव्हते. त्यांना तो माणूस नको होता, अंगठीचाही लोभ नव्हता. त्याने एकदा दारात येऊन स्वतः बोलावं, एवढंच हवं होतं. तो कधी आलाच नाही तर, या विचाराने माझाच जीव खाली-वर व्हायचा.

आणि एका रविवारी सकाळी तो आला. मी सिस्टरांच्या घरी बाही वर करून इंजेक्शनला बसले होते. पांढरे केस, सफारी, हातात सफरचंदांची पिशवी.

"शालिनी," तो म्हणाला. सिस्टरांचं नाव शालिनी आहे हे मला तेव्हा कळलं.

"या डॉक्टर. बसा."

बसला. घसा साफ केला. मुलाचा साखरपुडा आहे, सून आमच्यातलीच आहे, आई जाईपर्यंत अंगठीचंच बोलत होती. "आणि मला तुझी माफीसुद्धा..."

"थांबा." सिस्टरांचा आवाज जराही चढला नाही. "अंगठी की माफी? दोन्हीतलं एकच मिळेल. काय हवं ते मागा."

त्याने पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी कसली हलतेय! शेवटी मान खाली घालून म्हणाला, "अंगठी."

सिस्टरांनी ती बोटातून काढली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "सुखी राहा म्हणावं सुनेला." वर त्याला चहा पाजला, जिन्यापर्यंत पोचवून आल्या.

माझा संताप संताप झाला होता. "अहो, दिलीत कशी तुम्ही? त्या नालायकाला!"

"शब्द दिला होता मी."

"आणि त्यानं माफी मागितली असती तर?"

सिस्टरांनी सिरिंज उजेडात धरून हवा काढली आणि मिस्कील हसल्या.

"मग माझीच पंचाईत झाली असती गं. द्यायला माफी माझ्याकडं नव्हतीच."