भाजीला दाटी नगं

मटारांना कोमट पाण्याची अंघोळ घालायला निघालो, ही त्या दिवसाची माझी पहिली चूक. फ्रीजरमधून काढलेले मटार दगडासारखे कडक. म्हटलं, आधी यांना जरा माणसांत आणू. मोठ्या पातेल्यात गरम पाणी ओतलं आणि पाकीट फोडणार, इतक्यात मागून आवाज आला, "अवो जावईबापू, मटार हाय का बाळंतीण?"

या शांतामावशी. माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण, सुदुंबऱ्याच्या. घरचा मळा सांभाळून त्यांनी बरीच वर्षं जवळच्या एका कारखान्याचं कँटीन चालवलं. तिथे गोठवलेल्या भाजीशी त्यांची गाठ पडली आणि भाजी हरली. स्वतःच्या हाताविषयी त्यांना तिळभर शंका नव्हती. "माझी भाजी ज्यानं ताटात टाकली, त्यानं आदी डाक्टर गाठावा," असं त्या बिनदिक्कत सांगत.

त्या दिवशी त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा, नंदाचा, साखरपुडा होता. आम्ही तळेगावहून सकाळीच पोचलो होतो, 'घरचे' बेसनाचे लाडू घेऊन. म्हणजे लाडू दुकानातलेच. वाटेत मिठाईच्या दुकानाशी गाडी थांबवून मी ते आमच्या स्टीलच्या डब्यात भरले होते. बायको तेव्हा खिडकीबाहेर बघत बसली होती.

घरात वेगळाच घोर. अवकाळीनं अख्खा मळा झोपवला होता आणि येणारे व्याही पिढीजात बागायतदार. मावशींनी सरळ कारखान्याच्या ओळखीनं फ्लॉवर, गाजर, मटार अशी गोठवलेली पाकिटं मागवली. त्यांचे चुलत दीर बाहेरच्या ओट्यावर बसून तंबाखू मळत म्हणाले, "वयनी, मळेवाल्याच्या दारात पाकिटातली भाजी? सोयरीक हातची जाईल, सांगून ठिवतो."

"भावजी, तुमी पान मांडायचं बगा. चवीचं माज्यावर सोडा."

असं म्हणून त्यांनी लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवली. तेल बेतानं, आणि फ्लॉवर फ्रीजरमधून थेट कढईत. "बरफाला पानी दावायचं न्हाई, आग दावायची." मी मदत म्हणून सगळी भाजी एकदम ओतायला गेलो, तर मनगटावर पळी बसली. "थोडी थोडी टाका. भाजीला दाटी नगं, पंगतीला दाटी पायजे." दाटीनं टाकली की भाजीला वाफ धरते, मग ती भाजत नाही, नुसती उकडते. मीठ अगदी शेवटी, कारण "आदी मीठ घातलं की भाजी रडती." शेजारच्या पातेल्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेस्तोवर परतलेलं. भाजलेली भाजी त्यात पडली, मागून मटार, आणि उरलंसुरलं पाणी प्यायला दाण्याचं कूट. वास ओट्यापर्यंत गेला असणार, कारण भावजी तंबाखू टाकून आत डोकावून गेले.

मला मात्र सोयरीक मोडल्याची स्वप्नं दिवसाढवळ्या पडत होती. रिकामी पाकिटं मी गुपचूप गोळा केली आणि गोठ्यामागे कडब्याखाली दडवली. मला कोणी सांगितलं नव्हतं. ही दुसरी चूक. शेळी काय काय खाते, हे मला पन्नाशी आली तरी ठाऊक नव्हतं.

पंगत रंगात आली. व्याही दुसऱ्यांदा भाजी घेत होते. आणि मांडवात शेळी शिरली. तोंडात कडबा चिकटलेलं पाकीट, त्यावर बोराएवढाले हिरवेगार मटार छापलेले. ती बरोबर व्याह्यांच्या पानासमोर येऊन उभी राहिली. नंदाचा चेहरा पांढराफटक. भावजींनी 'म्हटलं नव्हतं?' अशी मान हलवली.

मावशी पळी घेऊन पुढे आल्या. "पाकीट आमच्याच घरातलं हाय. मळा पावसानं झोपवला, म्हून इकत आनली. भाजी माज्या मळ्यातली न्हाई, पर हात माजा हाय. चव उनी असंल तर सांगा."

व्याह्यांनी भाकरीच्या तुकड्यानं भाजी उचलली, सावकाश खाल्ली. मग म्हणाले, "विहीनबाय, पाऊस काय तुमच्याच मळ्यात पडला व्हय? आमच्याकडं तवापासनं पिटलंच चालू हाय. वाडा अजून!" मांडवभर हशा उठला. नंदानं डोळे पुसले. कोणीतरी विचारलं, "पर पाकिटं कडब्यात लपवली कुनी?"

मी पानातल्या लोणच्याकडे बघू लागलो. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शेळीनं."

गेल्या वर्षी मावशी गेल्या. तेराव्याला नंदानं तीच भाजी केली, घाईघाईनं पाकिटं ओतणाऱ्या नवऱ्याला "दाटी नगं" असं दटावत.

परतताना ते मिठाईचं दुकान लागलं, तेव्हा मी म्हटलं, "काय बाई होती! स्वतःचं पाकीट भर मांडवात कबूल केलं, आणि माझं शेळीवर ढकललं."

बायको म्हणाली, "तुमच्या लाडवांवरसुद्धा तिनं पांघरूण घातलं. साखरपुड्याच्या दिवशी आपल्या डिकीत तांदळाची पिशवी ठेवताना दुकानाचा रिकामा खोका बघितला होता तिनं. मला म्हणाली, 'जावयाला बोलू नगंस, लाजंल बिचारा. लाडू ग्वाड व्हतं.'"