जवाईबापू अन् जाम झालेलं चाक

हिंमतराव भाऊजी गेले. माह्या बहिणीचे, पुष्पीचे मालक. देऊळगाव राजाले ट्रकच्या गॅरेजात जन्म गेला त्याईचा. भेटाले येणारे म्हणते, लय शांत माणूस होता. शांत कायचा! मी सांगतो कसे होते ते. शाळा कमी झाली माही, बोलतो तसंच टाईप करून राह्यलो, समजून घ्या.

बहात्तर साल, धोंड्याचा महिना. लग्नात भाऊजी रुसले होते. काऊन रुसले ते कोणालेच कळलं नाई. तवापासून पुष्पीले माहेरी धाडलंच नाई. आता धोंड्याच्या जेवणाले दोघं आमच्या घरी आले, तं माय नुसती धाकात. मले म्हणे, "तुळश्या, जवाईबापू पुन्हा रुसले तं माही पोरगी मले काई दिसत नाई. त्याईले काडीले हात लावू देऊ नको."

अन् मी शहाणा! एका डॉक्टरची जुनी मोटर घेतली होती, ती पावसाळ्यापासून अंगणात उभी. म्हतलं जोडप्याले मोटरीतून मिरवू. चालू तं झाली, पण हालेच नाई. मागचं चाक जाम. जॅक लावून चाक काढलं. आत ब्रेकचा डरम, गंजून चिकटलेला. म्हतलं हे तं माह्या डाव्या हाताचं काम.

भाऊजी समोर बाजीवर बसले होते, नव्या धोतरात. मी डरमाच्या मधोमध हातोडा हाणला. भाऊजीले ठसका लागला.

"पुष्पे, पाणी आण वं!" माय वरडली.

पुन्हा हाणला. पुन्हा ठसका, पुन्हा पाणी. मले वाटलं गंज नाकात जाते त्याईच्या. म्हणून त्याईच्याकडे पाठ केली अन् अजून जोरात हाणला.

शेजारचे किसनराव भिंतीवरून म्हणे, "काय बे, मोटर दुरुस्त करून राह्यला का जवायाले मारून राह्यला?"

त्याईच्याकडे पाहाले गेलो अन् हातोडा पायावर पडला. मी एका पायावर नाचलो. पुष्पी खो खो हासली. भाऊजी हासले नाई. उठले अन् दाराकडे निंघाले.

"झालं! चालले!" मायनं पदर तोंडाले लावला. "तुळश्या, मुडद्या!"

पण ते दाराबाहेर गेले नाई. मोटरीचा दरवाजा उघडला अन् आत हात घातला.

"हँडब्रेक तुमी ओढला?"

"हाव. गाडी पळू नये म्हणून."

"मंग डरम कसा निंघन, साळेबुवा? आतून तुमीच धरून ठेवला, अन् बाहेरून तुमीच मारून राह्यले!"

हँडब्रेक सोडला अन् धोतर खोचलं त्याईनं. मायले म्हणे, "आत्याबाई, थोडं घासलेट द्या."

"नाई जवाईबापू, पाया पडते. लोकं काय म्हणतीन!"

"आत्याबाई, लग्नात बी मले असंच पाटावर बसून ठेवलं. मांडवातली गॅसबत्ती बिघडली, मी म्हतलं मी पाह्यतो, तं कोणी हात लावू देईना. माणूस रुसन नाई तं काय करन?"

 माय घरात गेली अन् घासलेटाचा अख्खा डबाच घेऊन आली.

भाऊजीनं डरमाच्या कडेनं घासलेट सोडलं. सुपारी चघळत बसले. मंग लाकडाचा ठोकळा लावून चहूकडून हळूहळू ठोकलं, लेकराले थोपटते तसं. डरम निंघून सरळ मांडीवर आला. धोतर काळंभोर!

माय भीत भीत म्हणे, "जवाईबापू, आडावरचा रहाट बी लय करकरते..."

"कुठं आहे?"

तसेच काळे हात घेऊन पळाले. धोंड्याचं जेवण थंड झालं.

जातानी म्हणे, "आत्याबाई, पुष्पीले आखाजीच्या सणालोक ठेवून घ्या. मी न्याले येतो. तवालोक तुळशीरामले काईतरी बिघडवून ठेवाले सांगा."

तेवढं एक काम मी जन्मभर मन लावून केलं. भाऊजी येत राह्यले, पुष्पी येत राह्यली.

परवा आडावरचा पंप बंद पडला. सवयीनं मी भाऊजीलेच फोन लावला. वाजला, तवा ध्यानात आलं. ठेवणार, तेवढ्यात पुष्पीनं उचलला.

म्हणे, "सांग भाऊ, काय बिघडलं?"