बंडूचा मोठा घास

माझ्या वर्गातल्या तन्वीने बॉल पायथन जातीचा छोटा अजगर पाळलाय, बंडू. तो वाढलाय, त्याला छोटे उंदीर आता पुरत नाहीत. पण मोठा दिला की तोंड फिरवतो. बरेच दिवस उपाशीच होता. काल तन्वीने मेलेला मोठा उंदीर छोट्या उंदरांच्या पिंजऱ्यातल्या भुशात घोळवला, त्यांचा वास लागावा म्हणून.

"फसवतेस की बिचाऱ्याला," मी म्हणालो.

"फसवत नाही रे, ओळख करून देतेय."

मला ते पटलं. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. इंग्रजी पुस्तकाशेजारी त्याच विषयाचं शाळेतलं मराठी पुस्तक उघडून बसायचो, ओळखीच्या शब्दांतून नवं कळावं म्हणून, आणि कुणी पाहील म्हणून लाजायचो. आता लाजणार नाही, असं वाटतं.

बंडूने जीभ लवलवली, थोडा थांबला आणि उंदीर धरला. एवढा घास त्याच्या तोंडात मावेल याची मला खात्री नव्हती. त्याला होती.