पुढचं माप

लालबागच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या मावशीचं नाव मी कधी विचारलं नाही. ती मात्र माझा हात ओळखायची. चारी बोटं जुळवून, अंगठा आत मुडपून, गप्पांच्या नादात बांगडी वर सरकवायची. काच कधी टिचली नाही. लग्नात मला दोन-चारचं माप लागलं होतं. या संक्रांतीला दोन-सहाची बांगडीही अंगठ्यापाशी अडकली.

"पुढचं माप द्या," मी सहज म्हटलं.

तिने हात सोडला नाही. "ताई, माझ्या बहिणीचं माप मीच दर सालाला वाढवत गेली. हसत हसत. एकदा पण टोकलं नाही. मग तिला गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. डॉक्टर बोलले, वय वाढताना अंगावर वजन चढत गेलं, की धोका पण वाढतो. सगळ्यांना होतोच असं नाही, पण वाढतो."

"आता कशी आहे ती?"

"आता माझ्याजवळचं सगळ्यात छोटं माप पण तिच्या हातातून गळतं."

मग तिने दोन-आठच्या डझनभर बांगड्या मला भरल्या, पहिल्यांदाच एक शब्द न बोलता.