आधी मी उघडतो

"मेला असं कागद म्हणतोय. मी न्हाई म्हणत," मामा गाडीच्या ड्रायव्हरला सांगत होते. हात थर्माकोलच्या डब्यावर, बोटं हलकी, आत कुणी झोपलं असावं तशी. प्रयोगशाळेतला माझा पहिलाच आठवडा होता. 'मेला' म्हणजे विषाणू, हे कळलं तेव्हा मला घरी जावंसं वाटलं.

मामा आमचे सगळ्यात जुने लॅब असिस्टंट. खुटबावहून सणसवाडीच्या प्रयोगशाळेत मोटारसायकलवर येत. गोठवलेल्या विषाणूवर गॅमा किरण सोडले की तो वाढेनासा होतो, पण त्याचं रूप शाबूत राहतं, आणि त्यावरून शरीर त्याला ओळखायला शिकतं. हे मी इंग्रजीत पाठ केलं होतं. मामा म्हणाले, "साप मारायचा, पर कातडं फाटू द्यायचं न्हाई."

आमचं यंत्र जुनं, किरण एकाच बाजूनं येत. म्हणून निम्मा वेळ झाला की डबा काढायचा, कोरडा बर्फ भरायचा आणि डब्याची पाठ पुढे करून परत ठेवायचा, नाहीतर मागच्या कुप्यांतला विषाणू जिवंत राही.

मग विषाणू मेला असं धरून डब्यातली पहिली कुपी बाहेरच्या खोलीत साध्या मास्कवर उघडून, थेंब जिवंत पेशींवर टाकून तो वाढतो का ते बघत. ती कुपी मामा कुणाला उघडू देत नसत. "आधी मी. तुमची लग्नं व्हायचीत," म्हणत आणि आम्हा मुलींना दाराबाहेर काढत. ते भीत नाहीत असं ज्यांना वाटे, त्यांनी त्या वेळचे त्यांचे हात पाहिले नव्हते.

आता ते निवृत्त झालेत. नवे लोक भरभर कुप्या उघडतात. मी अजूनही दाराबाहेर जाऊन उभी राहते.

मामा नोकरीत असताना एकदा डबा फिरवायचं काम माझ्याकडे होतं. नेमके मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि मला प्रश्न विचारू लागले. उत्तरं देता देता मी बर्फ भरला, डबा ठेवला, रजिस्टरमध्ये 'फिरवला' पुढे खूण केली. घरी जाताना बसमध्ये डब्याच्या एकाच बाजूला असलेला लाल बाण डोळ्यांपुढे आला. काढताना आणि परत ठेवताना, दोन्ही वेळा तो माझ्याकडेच होता.

सकाळी मामांनी विचारलं, डबा फिरवला ना? मी होकाराची मान हलवली. शाळेपासून मी तेवढंच करत आले आहे. नोकरी अजून कायम झाली नव्हती.

त्यांनी नेहमीप्रमाणे मला बाहेर काढलं. काचेतून दिसलं, त्यांनी त्याच डब्यातली कुपी उचलली, झाकणावर अंगठा ठेवला.

मी दार ढकललं.

"मामा, उघडू नका. काल मी डबा फिरवलाच नाही."