अवलंबितांच्या रकान्यात अक्का

जून संपत आला की मुदखेडच्या फलाटावर भाऊसाहेब दिसायला लागायचे. नांदेडहून उमरीकडे जाणाऱ्या सकाळच्या पॅसेंजरमध्ये आम्ही दहा-बारा शिक्षक एकाच डब्यात बसायचो. मुदखेडला क्रॉसिंगसाठी गाडी हमखास रेंगाळायची. तेवढ्या वेळात भाऊसाहेब हातात कापडी पिशवी घेऊन खिडक्यांपाशी येत. आम्ही आपापल्या फायली गजांमधून आडव्या सरकवून त्यांच्या हाती देत असू. फॉर्म सोळा, विम्याच्या पावत्या, घरकर्जाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स. ते एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले होते आणि आमच्या अख्ख्या डब्याचं इन्कम टॅक्सचं रिटर्न तेच भरत.

"गुर्जी, औंदा लई कापलं का?" ते विचारायचे.

"कापलं की भाऊसाहेब. फेब्रुवारीचा पगार हाती आलाच न्हाई म्हणा."

"सरकारनं कापलेलं सरकारकून आणून देतो. घरी वहिनीनं कापलं तर त्याला आपल्याकडं कलम न्हाई."

डबा हसायचा. गाडी हलायची. मग ऑगस्टमध्ये कधीतरी कुणाचा तरी मोबाइल वाजायचा आणि रिफंड खात्यात जमा झाल्याचा मेसेज यायचा. ज्याचा रिफंड सगळ्यात आधी येईल त्यानं परतीच्या गाडीत सगळ्यांना मुदखेडचे भजे खाऊ घालायचे, असा आमचा रिवाज होता. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेले गरम भजे, सोबत तळलेल्या मिरच्या, खिडकीतून येणारा ओल्या सोयाबीनचा वास. त्या संध्याकाळी आम्हाला कुणीतरी फुकट काही दिल्यासारखं वाटायचं. खरं तर ते आमचेच पैसे असत. वर्षभर पगारातून कर कापला जातो, तो आपल्या पॅन नंबरवर जमा दिसतो, आणि हिशेबाअंती जास्त कापला गेला असं ठरलं तर वरचा परत मिळतो. एवढंच. पण ते दिवस आठवले की आजही त्या भज्यांची चव जिभेवर येते, आणि तिच्यामागोमाग एक दुसरा हिशेबही आठवतो. तो कोणता, ते आता लिहितो.

माझी थोरली बहीण लातूरजवळच्या मुरुडला राहते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय गेला. दहावीनंतर तिनं शिलाई शिकली आणि उजव्या पायानं मशीन चालवत राहिली. बुद्धपौर्णिमा जवळ आली की आमच्या घरात पांढऱ्या कापडाचे ढीग पडायचे. विहारात जाण्यासाठी साऱ्या वस्तीला पांढरे कपडे लागायचे, आणि ब्लाऊज असो की सदरा, शिवणार अक्काच. मी शेजारी बसून काजं-बटणं करायचो. कापडाला हाताचे डाग पडू नयेत म्हणून ती मला आधी साबणानं हात धुवायला लावायची आणि हात पालथे-उलथे करून तपासायची. लातूरला डीएडला नंबर लागला तेव्हा फी तिनं भरली. पहिली फुलपँट तिनं शिवली, आणि पोरगं अजून वाढणार म्हणून पायाशी चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं. नोकरी लागली त्या वर्षी ते दुमडलेलं कापड तिनं उलगडून दिलं होतं.

वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी अक्काच्या पायाचं लातूरला ऑपरेशन झालं. सात-आठ महिने मशीन बंद होतं. दवाखाना, औषधं, घरखर्च, सगळं मी बघितलं. त्या जूनमध्ये खिडकीशी भाऊसाहेबांना मी हे सहज सांगितलं, तर ते म्हणाले, "मग आधी सांगायचं न्हाई का! अपंग बहीण तुमच्यावर अवलंबून असली, तर तिच्या पालनपोषणापोटी पाऊण लाखाची वजावट हाय. सर्टिफिकेट हाय ना?"

सर्टिफिकेट होतं. त्या वर्षी ती खरोखर माझ्यावर अवलंबून होती. वजावट कायद्यात बसणारी होती, आणि रिफंड नेहमीपेक्षा पंधरा हजारांनी जास्त आला. त्यातून मी तिला दिवाळीत इरकल घेतलं.

पुढच्या वर्षी अक्का पुन्हा मशीनवर बसली होती. तिचं तिचं चांगलं चाललं होतं. जूनमध्ये भाऊसाहेबांनी खिडकीतून फाईल घेताना विचारलं, "बहिणीचं हाय तसंच ठेवू?"

गाडीनं शिट्टी दिली होती. मी म्हणालो, "ठेवा."

त्यानंतर दरसाल तोच प्रश्न आणि तेच उत्तर. भाऊसाहेबांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर कागद होता, अक्का माझ्यासमोर होती. सुट्टीत मुरुडला गेलो की ती मलाच दोन शर्टांचं कापड द्यायची, माझ्या मुलीच्या हातावर पाचशेची नोट ठेवायची. आणि माझ्या रिटर्नमध्ये ती माझ्यावर जगणारी म्हणून लिहिलेली असायची. ऑगस्टमध्ये माझा रिफंड सगळ्यांआधी आला की मी भजे वाटायचो.

मग अक्काला एक मोठं काम मिळालं. एका संस्थेच्या शाळांचे गणवेश शिवायचे. तिनं गल्लीतल्या दोन बायका हाताखाली घेतल्या आणि तीन महिने रात्रंदिवस खपून काम पूर्ण केलं. बिल निघालं तेव्हा शेकड्याला वीस रुपये कापून आले. तिचं पॅन आधारशी जोडलेलं नव्हतं म्हणून कर जास्त दरानं कापला होता. चोवीस हजार गेले. तिला त्यातून पॉवर मशीन घ्यायचं होतं. जुन्या मशीनला मोटार बसवून बघितली होती, पण ते थरथरायचं, धागा तुटायचा. आणि चांगला पायही आता संध्याकाळी सुजायला लागला होता.

तिनं मला फोन केला. "गुर्जी, ते संस्थेचे बाबू म्हणायलेत की रिटर्न भरलं तर कापलेलं समदं परत येतंय. खरं हाय का?"

"खरंय," मी म्हणालो. तिचं वर्षाचं उत्पन्न करपात्र नव्हतंच. पॅन आधारशी जोडायचं, रिटर्न भरायचं, सगळा कर परत.

"मग भर की. तू तर दरसाल भरतूस."

"बघतो," असं मी म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. अलीकडे त्या वजावटीसाठी फॉर्ममध्ये अवलंबित माणसाचा आधार नंबर मागायला लागले होते. त्या वर्षीही मी खिडकीतून "ठेवा" म्हणालो होतो. म्हणजे अक्काचा आधार नंबर माझ्या रिटर्नमध्ये होता, भावावर अवलंबून म्हणून. आता तिचं स्वतःचं रिटर्न भरलं असतं तर त्याच नंबरावर तिचा धंदा आणि तिची कमाई दिसली असती. दोन्ही कागद एकाच ठिकाणी जाणार होते.

मी काहीच केलं नाही. पॅन जोडायची साइट चालत नाही म्हणालो. पुढं परीक्षा आहेत म्हणालो, मग निवडणुकीची ड्यूटी. जुलैअखेरची मुदत गेली. उशिरा भरायची डिसेंबरअखेरची मुदत होती, तीही जाऊ दिली. तिनं विचारलं तेव्हा म्हणालो, "अक्का, चोवीस हजारासाठी ऑफिसाचे किती खेटे घालणार? सोड."

ती म्हणाली, "तुला येळ न्हाई तर ऱ्हाऊ दे." माझ्यावर तिचा इतका विश्वास होता की तिनं दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही.

गेल्या जूनमध्ये भाऊसाहेब फलाटावर रिकामी पिशवी घेऊन उभे होते. "आता समदे नव्या पद्धतीत गेले," ते म्हणाले. "नव्या पद्धतीत वजावटी न्हाईत, म्हणून माजं कामबी न्हाई. आन ज्यांनी मागं जास्तीचं काही दाखवलं असंल त्यांनी गुमान सुधारून घ्या. खात्याकून मेसेज यायलेत." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुमचं तर खरंच हाय म्हणा. बहीण हाय, सर्टिफिकेट हाय."

मला मान वर करता आली नाही.

त्या रविवारी मी नांदेडहून लोहा, अहमदपूर करत लातूरला आणि तिथून मुरुडला गेलो. दुपारची वेळ होती. अक्का ब्लाऊज शिवत होती. पाय मशीनच्या पायटीवर थोडा चालायचा आणि थांबायचा, ती गुडघा दाबायची आणि पुन्हा सुरू करायची. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. वजावट, आधार नंबर, साइट चालत नसल्याची थाप, डिसेंबर.

तिनं मशीन थांबवलं नाही. शिवण संपवली, धागा दातानं तोडला.

"म्हंजी मी तुज्यावर जगायले म्हणून लिहिलास?"

"हाव."

"किती साल?"

"पहिलं धरलं तर सहा. पहिल्या वर्षी खरं होतं, अक्का."

"पयल्या वर्साचं मी कवा न्हाई म्हणले? तवा तू केलास, मी गल्लीभर सांगितले." तिनं ब्लाऊज झटकला, उगाच घडी घातली, पुन्हा उलगडली. "पैशाचं काय बी नसतं रं. तू मागितला असतास तर दिले असते. पण मी या पायानं कुणाच्या दारात गेले न्हाई, आन तू मला कागदावर बसवलास व्हय रं तुज्या दारात?"

मी रडलो. तिनं रडू दिलं. मग चहा ठेवायला गेली आणि आतून ओरडून म्हणाली, "नाक पूस, ते कापड गिऱ्हाईकाचं हाय."

चहा पिताना मी तिला सांगितलं की माझी मागची रिटर्न मी सुधारून भरणार आहे. त्यासाठी अपडेटेड रिटर्न असतं. बुडवलेला कर, व्याज आणि वरती जादा रक्कम भरावी लागते, जितका उशीर जास्त तितकी ती जास्त. चार वर्षांच्या मागं मात्र जाता येत नाही. त्याआधीचं एक वर्ष माझ्या नावावर तसंच राहणार होतं.

"आन माजं? माजंबी तसंच भर."

हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्या वाटेनं सरकारला पैसे देता येतात, परत मागता येत नाहीत. रिफंडासाठी तो फॉर्म चालत नाही. मी चोरलेलं परत करायला रस्ता होता, तिचं हक्काचं मिळवायचा सरळ रस्ता मी बंद करून टाकला होता. उरला होता फक्त एक अर्ज, उशीर माफ करा असं आयुक्तांना विनवणारा. ते कारण बघतात, पटलं तर रिटर्न भरू देतात.

"अक्का, मी तुला पॉवर मशीन घेऊन देतो. पुढच्याच महिन्यात."

"नगं. पुन्हा लिवशील मशीन घेऊन दिलं म्हणून." ती हसली, पण तिनं ते खरंच म्हटलं होतं. "माजे पैशे आल्यावर माजी मी घेईन. कर तो अर्ज."

दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन पुन्हा मुरुडला गेलो. तोवर दंड भरून तिचं पॅन आधारशी जोडून घेतलं होतं. ती मशीनवर, मी शेजारी, काजं-बटणं करायला बसायचो तिथंच. अर्ज लिहिता लिहिता उशिराच्या कारणाशी आलो. मी लिहायला घेतलं की अर्जदार अपंग असून आजारपणामुळे मुदतीत रिटर्न भरू शकली नाही. असं लिहिलं तर लवकर मंजूर होईल असं मला वाटलं. सवयीनं वाचून दाखवलं.

मशीन थांबलं.

"मी कवा आजारी होते?"

"अक्का, असं लिहिलं की—"

"त्या साली मी तीन म्हैन्यात गणवेश शिवले. एक दिस बी खाडा न्हाई. पुस ते."

मी पुसलं.

"लिही. मी वेळेवर भावाला सांगितलं होतं. भाऊ शाळेत गुर्जी हाय, त्याला समदं येतं. त्यानं भरलं न्हाई."

"आणि का भरलं नाही, ते?"

"ते मी कसं सांगू? तुला म्हाईत. तू लिही," असं म्हणून तिनं पुन्हा पाय पायटीवर ठेवला.

मी लिहिलं. साध्या पाच-सहा ओळी झाल्या. माझ्या रिटर्नमध्ये तिला अवलंबित दाखवलं होतं, तिचं रिटर्न भरलं असतं तर ते उघड झालं असतं, म्हणून मी टाळलं. चूक माझी, अर्जदाराची नाही. माझी रिटर्न मी सुधारून भरली आहेत. खाली, भाऊ. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. मग अर्ज पाठवायच्या आधी, का कुणास ठाऊक, मी उठून मोरीत जाऊन साबणानं हात धुतले.

अर्जाचा निकाल अजून आलेला नाही. ती दर रविवारी फोनवर विचारते. मी दर वेळी साइट उघडून बघतो आणि जे दिसतं तेच सांगतो. परवा म्हणाली, "आले पैशे तर तुज्या डब्यातल्या समद्या गुर्जींना भजे माज्याकून. कुणाकून हायत ते बी सांग त्यांना."

"सांगतो," मी म्हणालो.

"समदं सांग," ती म्हणाली.