प्रीतमची आठ गाणी

आंधळगावच्या तलावावर मासे मारणाऱ्या फकिरा ढिवराचा आवाज असा, की या पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, हाक दिली तर त्या पाळीवरची बाई मागे वळून बघे. पोरगा प्रीतम मात्र बापाच्या अगदी उलट. बोलला तरी स्वतःशीच बोलतोय असं वाटायचं. गाणी तो स्वतःच रचायचा आणि डोंग्यात, बापाच्या त्या लहानशा होडीत, एकटा बसून मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. ना ढोलकी, ना पेटी. अशी आठ गाणी त्यानं एका कार्डात भरली आणि दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, आदल्या दिवशी बापाच्या मोबाइलात घालून दिली.

"बाबा, हे एकट्यानं आयकाचं आहे."

"एकट्यानं काहून? चोरी केली काय तू?" फकिरा हसला.

बापाचं प्रेम ते, त्याला कुठं हळू बोलता येतं! ढिवराचा पोरगा गाणी करतो, हे गावाला नको कळायला? दुसऱ्या दिवशी मंडईत पाळणे, जिलेबी, दंडारीचा खेळ बघायला आलेली गर्दी, सगळं ऐन रंगात असताना त्यानं भोंगेवाल्याला गाठलं आणि पहिलं गाणं लावलं. आवाज पुरा सोडायला सांगितला. प्रीतमचा तो श्वासाएवढा सूर भोंग्यातून चिरकत बाहेर आला. दोन ओळी झाल्या नसतील, तोच कोणी ओरडलं, "कोणाची मयत आहे काय बे? डीजे लावा!"

मंडई खदखदून हसली. आणि लोकांत लोक म्हणून फकिराही हसला. ते प्रीतमनं पाहिलं. त्यानंतर तो पुन्हा कधी गायला नाही. उन्हाळ्यात कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत पोरगं गेलं.

यंदा मंडई भरली तेव्हा फकिरा तिकडे फिरकला नाही. सकाळीच डोंगा घेऊन तलावात गेला, आवाज अगदी कमी केला आणि मोबाइल कानाला लावला. जाळं तसंच पाण्यात राहिलं.

एका गाण्यात न विकलेले मासे घेऊन बाजारातून परतणारी आई होती, शकुन. पोरानं तिचं नावही घेतलं नव्हतं, नुसती टोपली उतरवताना ती काय म्हणते तेवढंच गायलं होतं. दोन ओळींमध्ये तो थांबे, तेव्हा डोंग्याखालचं पाणी ऐकू येई. ही गाणी एका कानासाठीच केली होती, आणि आपण ती भोंग्यावर फाडली! फकिराचा जीव तुटला.

आठवं गाणं अर्ध्यावर आलं आणि गाण्यामागून, दूर पाळीवरून फकिराचाच आवाज गरजला, "अबे प्रीतम! काय करून राहिला तिकडं?"

गाणं थांबलं. पोरगा हलकेच हसला. "आलो, बाबा."

एवढ्यावर संपलं होतं. पोरानं बापाची ती हाक काढून टाकली नव्हती.

फकिरानं शेवटचं गाणं पुन्हा लावलं. या वेळी मोबाइलातली हाक येण्याआधी तोच म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू, "प्रीतम, चाल बाबू घरी."

मग मोबाइलातली हाक आली आणि मागोमाग पोरगा म्हणाला, "आलो, बाबा."